पाच सपाट चमचे

अंगदचं लग्न झालं त्या वर्षी, म्हणजे २०१६ साली, ऐन हळदीच्या दिवशी त्याचा थोरला भाऊ रामेश्वर घरातून निघून गेला. त्यानंतर आठ वर्षांनी, मार्चमधल्या एका दुपारी, मंजुनाथ नावाचा परका माणूस त्यांच्या ओसरीत बसून सांगत होता की राम आता नाही.

"कोन राम?" रामेश्वरच्या बापानं, पुंजारामनं विचारलं. "जालना जिल्ह्यात पन्नास निघतील."

मंजुनाथ बंगळुरूहून आला होता. रेल्वेनं जालन्याला, जीपनं घनसावंगीला, तिथून विचारत विचारत या गावात. खोलीतला सोबती त्याला फक्त राम म्हणून माहीत होता. सहा वर्षं एका खोलीत राहूनही रामनं घराविषयी कधी काही सांगितलं नव्हतं. शेवटच्या तापात तीन नावं बरळला, तेवढीच. घनसावंगी, पुंजाराम, अंगद.

त्यानं मोबाइलवर फोटो दाखवला. गालफडं बसलेली, दाढी वाढलेली. रामेश्वरच्या आईनं, उषाबाईनं, फोन डोळ्यांजवळ धरला, मग लांब धरला. तिला काहीच ठरवता येईना. पुंजारामनं एकदाच पाहिलं.

"आमचा न्हाई. आमचा भरला गडी व्हता."

"आबा, आठ वर्सं झाली," अंगद म्हणाला.

"तू गप. रोज कोनी ना कोनी फोनवर येऊन फसवून राह्यलंय. हा घरी आला, एवढंच."

पुंजारामला हा माणूस खोटाच हवा होता. थोरल्याच्या आधी धाकट्याचं लग्न ठरवलं, म्हणून रामेश्वर चिडला, तेव्हा मांडवात चारचौघांदेखत पुंजाराम म्हणाला होता, "जा. तुझ्यावाचून काही अडत न्हाई." त्यानंतर आठ वर्षं तो सगळ्यांना सांगत आला होता की पोरगा रुसलाय, येईल. हा माणूस खरा निघाला, तर बाप लेकाशी शेवटचं बोलला ते तेवढंच, असं होणार होतं.

मंजुनाथनं वाद घातला नाही. त्यानं पिशवीतून स्टीलचं दुमजली भांडं काढलं. वरच्या भांड्याच्या तळाला बारीक भोकं होती. सोबत कॉफीची पुडी.

"उसका है," तो उषाबाईला म्हणाला. "अम्मा, एक बार उसका कॉफी बनाता हूँ. फिर चला जाता हूँ."

"चहावालं घर हाय हे," पुंजाराम म्हणाला. "पाज बाबा, पाज. अन् जल्दी नीघ."

सून साधनानं एका शेगडीवर दूध ठेवलं, दुसरीवर पाणी. पुडी फोडून तिनं चहापत्तीसारखा शीग लावून चमचा भरला. मंजुनाथनं घाईनं हात आडवा केला.

"नहीं अक्का. ऊपर का पहाड़ निकालो. एक आदमी, एक सपाट चमचा. राम इसपे बहुत झगड़ा करता था."

"कॉफीवरून भांडन?" साधनाला हसू आलं.

"रोज. ज्यादा डाला तो कड़वा, कम डाला तो पानी. बोलता था, नापना मेरे को आता है, तेरे को नहीं."

त्यानं चमचा हातात घेतला. बोटानं वरची पूड सारखी केली. माणसं किती ते पाहिलं आणि भांड्यावर वाकून हळू आवाजात मोजायला लागला.

"लाऽऽभ. दोन. तीन. चार. पाच."

उषाबाई उंबऱ्यातच खाली बसली.

"काय म्हनला?" पुंजारामनं ओसरीतून विचारलं. "फिरून म्हन."

मंजुनाथला वाटलं, आपलं काही चुकलं. "गिनती है, अप्पा. मराठी गिनती. राम ने सिखाया."

"मंग त्यात एक कुठं हाय?"

"लाभ... लाभ मतलब एक, ना?" तो गोंधळून सगळ्यांकडे पाहू लागला. "जालना स्टेशन पे मैं बोला, लाभ चाय दो. सब हँसे."

इथं कोणी हसलं नाही.

धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, ही इकडची जुनी रीत. ती पुष्कळांना ठाऊक असते. पण 'ला' इतका लांबवायचा आणि 'दोन'वर एकदम खाली यायचं, ही चाल फक्त पुंजारामची होती. रामेश्वर सहा वर्षांचा असताना त्याचे हात मापावर धरून पुंजारामनंच त्याला ती शिकवली होती. आता तीच चाल त्याच्याच स्वयंपाकघरातून येत होती. आवाज परका होता, श्वास घेण्याची जागा मात्र रामेश्वरची होती. आणि म्हणणाऱ्याला तिचा अर्थही माहीत नव्हता.

दूध कडेनं वर चढू लागलं. पुंजारामनं डोक्यावरची टोपी काढून बाजूला ठेवली.

"साधना, गॅस बंद कर."

"आबा, उकळीच येऊ राह्यली. दोन मिनिटं..."

"बंद कर म्हनलं. आज आपल्यात चूल पेटत न्हाई."

माणूस गेलेल्या घरात चूल पेटवत नाहीत. साधनाचा हात बटणाकडे गेला आणि उषाबाईनं हंबरडा फोडला. अंगद सुतकाच्या अंघोळीसाठी अंगणात पाणी काढायला उठला. शेजारच्या बाया धावत आल्या. कोण गेलं, असं त्या विचारू लागल्या. पुंजारामनं मंजुनाथचा हात धरून त्याला आपल्याजवळ बसवून घेतलं.

"कधी?" त्यानं विचारलं.

पुंजाराम आणि उषाबाई यांचा थोरला मुलगा रामेश्वर २१ ऑगस्ट २०२३ रोजी, नागपंचमीच्या सकाळी, बंगळुरूत काविळीनं वारला.