चाळीस थडगी

समुद्रापलीकडच्या राजाच्या साहेबाने आम्हाला डोंगरावरून खाली आणून आखीव रस्त्यांच्या नव्या गावात बसवलं. तीन वर्षांनी तो परत आला, पोतोसीच्या चांदीच्या खाणीत जुंपायला गडी मोजत. घराघरात फक्त बायका होत्या.

"गडी कुठं गेले?" त्याने कुसीआजीला दरडावून विचारलं.

"देवीच्या साथीत गेले, साहेब." तिने चर्चमागे बोट दाखवलं. तिथे मातीचे चाळीस उंचवटे होते, प्रत्येकावर एकेक क्रूस.

"आणि बायका तेवढ्या वाचल्या?"

"बायकांची जात चिवट. हवं तर उकरून बघा, पण लागण झाली तर मला बोलू नका."

साहेबाने टोपी काढली, नाकाला रुमाल लावला, चाळीस नावांवर काट मारली आणि खेचर पिटाळलं.

लावणीच्या दिवसांत ते चाळीसजण डोंगरावरच्या जुन्या वाडीतून गात खाली उतरले आणि आपापलं थडगं उकरायला लागले. आमच्यात बियाण्याला हात बाईच लावते, म्हणून आजी टोपली घेऊन शेजारीच उभी होती.

"हळू रे मेल्यांनो," ती म्हणाली, "बटाट्याला कुदळ लागेल."