सयाजीचं सामान

पवनेच्या डोहात बुडी मारून कारखान्याच्या पंपाची जाळी साफ करणारा सयाजी गेल्या साली पाण्यातून वर आलाच नाही. काठावर त्याचा दोर भैरूच्या हातात होता; खाली काही अडलं की बुडी मारणाऱ्यानं हिसका द्यायचा आणि काठावरच्यानं ओढून घ्यायचं. "दोराला हिसका बसलाच न्हाई," असं भैरूनं साऱ्या काळेवाडीला सांगितलं होतं.

आता ते काम भैरूच्याच गळ्यात पडलं. बुडी मारायची त्याची पहिलीच खेप. सयाजीच्या बायकोनं, सुभद्राबाईनं, नवऱ्याचं सामान ओसरीवर मांडलं. "लागंल ते न्या, भावजी."

भैरूनं ओठातली विडी विझवून कानावर खोचली, पाण्यातला चष्मा डोळ्यांना लावून बघितला, कमरेला बांधायचं शिसं हातात तोललं. दोराला मात्र हात लावायला तो धजेना.

सुभद्राबाईनंच दोराचं वेटोळं उचलून त्याच्या हातात दिलं.



"काठावर धरायला मी येते. मी विडी वढत न्हाई."