भाच्याचं तिसरं मागणं

आम्हा कझाखांची रीत अशी, की भाच्यानं आयुष्यात तीनदा काहीही मागावं आणि मामानं नाही म्हणू नये. माझ्या मेइराननं आधी घोडा नेला, मग बंदूक. म्हणून स्कीइंगच्या सहलींसाठी ऐसपैस, आरामशीर एसयूव्ही घेतली, तेव्हा ती मी मुद्दाम फिक्कट गुलाबी निवडली.

"यात बसून बर्फात जायचं? लांडगे हसतील," बायको म्हणाली.

"हसू देत. मेइरान तर मागणार नाही!"

दुसऱ्याच दिवशी मेइरान आला. मागच्या सीटवर पाय लांब करून बसला. "मामा, माझं एक मागणं उरलंय ना?"

"उरलंय बाबा," मी कसंबसं म्हणालो.

"गाडी तुझ्याकडेच राहू दे. ही चालवायची मला लाज वाटते."

माझा जीव भांड्यात पडला.

"ती चालवायला मला तू हवास. दर रविवारी, डोंगरापर्यंत. आम्ही सहा जण आहोत."