तांब्याभर शिंदी

वसमतच्या दवाखान्यात कौसाबाईच्या एका दिवसाच्या नातवाचे हातपाय सारखे थरथरत होते. डोकं लहान, वरचा ओठ पातळ, वजन दीड किलो. डॉक्टरीणबाईंनी खाटेवरच्या बाळंतिणीला विचारलं, "पोटात बाळ असताना दारू घेत होतीस?" उत्तर सासूनं, कौसाबाईनं, दिलं. "जीभ सांभाळा, बाई! गावातलं दारूचं दुकान बंद पाडायला आडव्या बाटलीची मतं म्या मागितली, उन्हातान्हात दारोदार फिरून. अन् माझ्या सुनेला दारू?" "मग काय द्यायचात?" "दूध, खारीक. अन् रोज तांब्याभर शिंदी, झाडाचा रस. थंड असती, लेकरू गोरं व्हतं." "ती नको म्हणायची नाही?" "म्हनायची की, डोस्कं गरगरतं म्हून. मी समोर बसून पाजायची. कोनती सासू एवढं करती?" डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "मावशी, तो रस आंबला की त्याची दारूच होते. बाळाचा मेंदू त्यानंच खुरटला."

कौसाबाईनं दाराकडं मान वळवली. दाराबाहेर तिचा लेक पेढे घेऊन उभा होता, सोबत गावातल्या चौघीजणी, मतदानात तिच्या मागं उभ्या राहिलेल्या. "हे बाहेर बोलू नका, बाई." "बाळाच्या बापाला सांगावंच लागेल." "मग मीच सांगते." तिनं सुनेकडं पाहिलं. सुनेनं बाळाची थरथरती मूठ आपल्या बोटांत धरली होती. कौसाबाईनं दार उघडलं, डोळ्यांना पदर लावला. "तुझी बायको चोरून पेत व्हती रं," ती लेकाला म्हणाली. "आमाला पत्ताच लागू दिला न्हाई."