नव्या खेळातला धनगर

“आमचा धनगर दिसत नाय आता,” त्रिंबक म्हणाला आणि घोंगडीत गुंडाळलेला कंप्यूटरचा डबा त्यानं काउंटरवर ठेवला. खुलताबादेकडच्या गावाहून तो डबा मांडीवर घेऊन एसटीनं आला होता.

पुंडलिकनगरात कंप्यूटर दुरुस्त करणाऱ्या बुद्धभूषणला आधी काहीच उमगलं नाही. वायरी जोडून डबा चालू केल्यावर उमगलं. आत तलवारबाजीचा एक जुना इंग्रजी खेळ होता. त्रिंबकच्या पोरानं, रामप्रसादनं, कॉलेजात असताना त्या खेळाला एक मॉड जोडलं होतं, म्हणजे मूळ खेळात नसलेलं आपल्या पदरचं घातलं होतं. डोंगराच्या पायथ्याशी लिंबाचं झाड, थोडी मेंढरं आणि एक धनगर. जवळ गेलं की धनगर मराठीत बोलायचा. आवाज रामप्रसादचा.

मध्यंतरी कंपनीनं तोच खेळ नव्यानं घडवला आणि जुन्या गिऱ्हाइकांना फुकट दिला. कंप्यूटर फार उत्साही असतात. त्रिंबकच्या डब्यानं कुणाला न विचारता जुन्यावर नवा चढवून टाकला. नव्या खेळात झाडाचं पानन्‌पान हलत होतं. धनगर तेवढा नव्हता.

“मामा, तुम्ही खेळता हे?”

“खेळायला कुठं येतंय. बटण दाबून तिथवर चालत जातो अन् सांजच्याला ऐकत बसतो.” त्रिंबकनं नजर खाली घातली. “बाकी काय बी होऊ दे बापू, त्यातला आवाज राहिला पायजे. दुसरीकडं कुठंच नाय तो. अन् मी असा ऐकत बसतो हे कुणाला सांगू नको. लाज वाटती.”

“घरी कोण कोण असतं?”

“आता मी एकटाच.”

बुद्धभूषणचा धाकटा भाऊ सम्यक असाच खेळांचं वेड घेऊन बसायचा. करोनात गेला. अशा बापाला पोराबद्दल काय विचारायचं? त्यानं विचारलंच नाही. “करतो मामा,” एवढंच म्हणाला.

म्हणणं सोपं होतं. डब्यातली डिस्क खंगलेली होती. मॉडच्या फायली कशाबशा एकदा दुकानातल्या कंप्यूटरवर उतरल्या आणि डिस्कनं कायमचे डोळे मिटले. पुढं वेगळाच ताप. जुना आणि नवा खेळ दिसायला सख्खे भाऊ, पण आतून काही म्हणता काही जुळत नव्हतं. मेंढरं हवेत तरंगायची. धनगर यायचा तो अर्धा जमिनीत रुतलेला. बुद्धभूषणनं एकेक तुकडा नव्या खेळाच्या तब्येतीला मानवेल असा पुन्हा बांधला. दुकानातली बाकीची कामं तुंबली, गिऱ्हाइकं कुरकुरली.

शेवटी धनगर लिंबाखाली नीट उभा राहिला आणि बोलला. तेव्हा बुद्धभूषणचं तोंड वाकडं झालं. पोरानं स्वस्तातल्या माइकवर, घरात बसून आवाज भरलेला. मागं पंख्याची घरघर, भांड्यांची आदळआपट, कोंबड्या, चुलीकडून कुणाचं तरी बोलणं. जुन्या खेळाचा आवाजच जाडाभरडा, त्यात ते खपून जायचं. नव्यात कानाला टोचत होतं.

“राहू दे की आहे तसं,” त्याची बायको निशा म्हणाली. “त्या माणसानं साफ करायला सांगितलंय का?”

“सांगायला त्याला काय कळतंय त्यातलं? एवढं केलं अन् इथं कशाला अर्धवट सोडू?”

अर्धवट काम देण्याची त्याला लाज वाटायची आणि ह्या कामाची तर जास्तच. सम्यकचा असा आवाज कुठं सापडला असता तर? त्यानं एकेक वाक्य घासूनपुसून काढलं. पंखा गेला, कोंबड्या गेल्या, भांडी गेली. रामप्रसादचा आवाज शेजारी बसून बोलावं तसा मोकळा झाला. साफ केलेल्या फायली त्यानं मॉडमध्ये घातल्या. एकाच नावाच्या दोन फायली राहिल्या की खेळ भलतीच उचलतो, म्हणून जुन्या पुसून टाकल्या.

त्रिंबक ठरल्या दिवशी आला. धुतलेला फेटा, हातात लिंबांची पिशवी, बुद्धभूषणच्या पोरांसाठी पेढे. निशाही दारात येऊन उभी राहिली.

धनगर पडद्यावर वळला आणि म्हणाला, “या पाव्हणं. पाणी पिता का?”

त्रिंबक हसला. मग त्यानं कान स्पीकरला लावला. “पुन्हा लाव,” म्हणाला. बुद्धभूषणनं पुन्हा लावलं. पुढची वाक्यंही एकामागून एक ऐकवली. म्हातारा डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिला. निशानं पदर डोळ्यांना लावला. सम्यक गेल्यापासून इतकं बरं बुद्धभूषणला कधी वाटलं नव्हतं.

“मागची सगळी घाण काढली मामा,” तो म्हणाला. “जुनं काही म्हणता काही ठेवलं नाही. आता नुसता तुमचा पोरगा.”

त्रिंबकनं डोळे उघडले. स्पीकरच्या मागं हात घालून चाचपून पाहिलं.

“पोरगं तर दुबईवरनं रोजच फोन करतंय,” तो म्हणाला. “मागं त्याची माय बोलायची, आधी भाकर खाऊन घे म्हणायची. ती कुठं गेली?”