एकाच फोटोखाली

वणीच्या दवाखान्यासमोरच्या टपरीवर दीपमालाच्या हातात कोणीतरी चहाचा कप दिला. रोशनचं, तिच्या धाकट्या भावाचं, पोस्टमार्टम अजून व्हायचं होतं. काल संध्याकाळी दुकान बंद करून घरी येताना राजूर फाट्यावर कोळशाच्या ट्रकनं त्याला मोटारसायकलसकट उडवलं होतं. चहा हातातच निवत चालला होता. शेजारी बाकावर पेपर पडला होता, आणि पेपरात रोशन हसत होता.

‘कोळशाच्या धुळीविरुद्ध लढणाऱ्या तरुणाला ट्रकने चिरडले.’

खाली आईचा हंबरडा होता, संतप्त गावकरी होते, रास्ता रोको होता. रोशन मोटार वायंडिंगचं दुकान चालवायचा, पंप-कूलरच्या जळालेल्या मोटारी तारा गुंडाळून पुन्हा भरून द्यायचा. धुळीबद्दल तो कधी कोणाशी भांडल्याचं तिला आठवेना. आणि आई तर कालपासून एक शब्द बोलली नव्हती. पण दीपमालानं सगळं शेवटपर्यंत वाचलं आणि तिला जरा धीर आला. माझ्या भावाबद्दल कोणीतरी चांगलं लिहिलं, एवढंच तिच्या मनात आलं.

पेपर घडी करायला उचलला, तर खाली दुसरा होता. हिंदी. त्यातही तोच फोटो, आईनं काल पेटीतून काढून दिलेला.

‘शराबी बाइक सवार ट्रक से भिड़ा, कोयला ढुलाई घंटों ठप.’

पहिल्या शब्दावर तिची नजर जी खिळली ती निघेचना. विहारात पोरांना पुढं बसवून त्यांच्याकडून पंचशील म्हणून घेणारा तिचा भाऊ. मद्य घेणार नाही, हे शेवटचं शील आलं की पोरं खिदळायची आणि तो त्यांना पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावायचा. कप कधी कलंडला आणि चहा साडीवर कधी सांडला, तिला कळलं नाही.

दवाखान्याच्या पायरीवर पियुष उभा होता. राजूरच्या बातम्या पेपरला तोच पाठवायचा. काल घरी येऊन आईजवळ बसला होता, पाणी प्याला होता, फोटो मागून नेला होता. दीपमाला दोन्ही पेपर घेऊन त्याच्यासमोर गेली.

“पियुषभाऊ, हे कोनं लिवलं?”

पियुषनं दोन्ही मथळे वाचले. हिंदीवाला त्यानंही आत्ताच पाहिला असावा, कारण त्याचा चेहरा उतरला.

“दोन्ही पेपर एकाच मालकाचे आहेत, ताई. बातमी मीच पाठवतो. एकच पाठवतो.”

“मंग दोन कशा झाल्या?”

“मराठी गावात जातो. हिंदी पेपर ट्रकवाले, ट्रान्सपोर्टवाले घेतात. तिकडं ऑफिसात वाचणारा पाहून भाषा थोडी बदलतात.”

“शराबी हे भाषा हाये का?”

पियुष खाली बघत म्हणाला, “डिक्कीत बाटली फुटलेली होती. मी तेवढंच लिहिलं होतं.”

“वार्निशची होती ते. वायंडिंगले लागते. तुमच्या घरची कूलरची मोटार त्यानंच भरून देल्ली, उन्हाळ्यात.”

पियुषला ते आठवलं असणार. त्यानं मोबाइल काढला, पुन्हा खिशात ठेवला. “दुरुस्ती छापायला सांगतो.”

“कोनत्या पेपरात?”

तेवढ्यात व्हरांड्यातून पोलीस जमादार नागोरावांनी तिला हाक मारली. जबाब घ्यायचा होता. त्यांच्या टेबलावर हिंदी पेपर चार घड्या घालून ठेवलेला होता.

“बसा, बाई. भाऊ घ्यायचा काय? रोज, का कधीमधी?”

“घेतच नव्हता.”

“आता छापून तं आलं हाये.”

दीपमालानं हातातला मराठी पेपर त्यांच्यापुढं ठेवला. “हे बी छापून आलं.”

नागोरावांनी चष्मा लावला. दोन्ही पेपर शेजारी शेजारी उलगडले आणि एकेका ओळीवर बोट ठेवत वाचले. वाचून झाल्यावर त्यांनी मान वर केली. त्यांच्या आवाजात खोच नव्हती. रिकाम्या कागदावर पेन टेकवून ते खरोखरच विचारत होते.

“हा आंदोलनवाला. हा दारूवाला. मले एकच लिहाचा हाये, बाई. याच्यातला तुमचा भाऊ कोनता?”

दीपमालानं दोन्ही फोटोंकडं पाहिलं. मग खुर्ची मागं सारून उठली.

“याच्यात नाई हाये,” ती म्हणाली. “आतमधी हाये. चाला, दाखवतो.”