शेवटच्या गाडीची काठी

वणव्याच्या धुरामुळे भर दुपारी दिवे लावावे लागत होते. फ्रेझर नदीकाठच्या घाटात एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या सोडत. पुढे वाट दाखवायला कॉरीनची गाडी, आणि सर्वांत शेवटच्या गाडीकडे लाल काठी. ती काठी पलीकडे पोचली की रस्ता रिकामा झाला असं धरायचं, आणि मगच दुसऱ्या बाजूला सोडायचं.

आज शेवटची गाडी कॉरीनच्या धाकट्या बहिणीची, मार्लिसची होती. मागे जोडलेल्या ट्रेलरात घोडे. आई मात्र मांजर सापडेना म्हणून वर घरीच थांबली होती; ती पुढच्या खेपेला येणार होती.

घाट उतरल्यावर कॉरीनने हात पुढे केला. "आण काठी."

"मागच्याला दिली."

"मागे कोण? शेवटची तूच ना गं!"

"अगं, मध्ये थांबलो तेव्हा एक म्हातारा काचेशी आला. म्हणाला, शेवटचा मी आहे. दिली. वाटभर त्याचे दिवे होते की आरशात."

दोघी धुराकडे बघत उभ्या राहिल्या. कोणीच आलं नाही. घोड्यांनी पाय आपटणं थांबवलं.

मग वायरलेस खरखरला. वरच्या टोकाला गाड्या सोडणारा ऑर्विल बोलत होता.

"काठी इकडे पोचली बरं का. म्हाताऱ्याच्या हाती धाडलीस? स्वतः जेवायला बसलीस वाटतं!"

"ऑर्विल, कोणालाही सोडू नकोस."

"सोडली की. म्हातारा म्हणाला, वाट मी दाखवतो. तुझी आई निघाली त्याच्यामागून, मांजर मांडीवर घेऊन."

बऱ्याच वेळाने धुरात दिवे दिसले. एकाच गाडीचे; आणि खिडकीतून बाहेर धरलेली लाल काठी.